मेलेल्यांची मोजदाद

(वर्षावासातील व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय ऐकून कोणाला वाटेल की, बुद्धविहारात बॉम्बहल्ल्यांचे आणि आकडेमोडीचे काय काम? आपण पंचशीलातले पहिले शील रोज म्हणतो. प्राणिहत्येपासून अलिप्त राहण्याची शपथ घेतो. मग हत्या किती झाली, कोणाची झाली, हे नीट जाणून घेणे त्या शीलाच्या बाहेरचे कसे मानता येईल? हवाई हल्ल्यांत किती निरपराध नागरिक मेले, हा प्रश्न ऐकायला सोपा आहे. परंतु गेल्या पस्तीस-चाळीस वर्षांत विद्वान मंडळी, डॉक्टर, पत्रकार आणि सरकारे या एका प्रश्नावर झगडत आली आहेत, आणि तरीही उत्तर हाती लागलेले नाही. ते का लागत नाही, एवढेच आज आपल्यापुढे मांडायचे आहे.

सुरुवात आपल्याच घरातून करू. सम्राट अशोकाचा तेरावा शिलालेख आपल्यापैकी अनेकांनी वाचला असेल. राज्याभिषेकाला आठ वर्षे झाली असताना कलिंग जिंकला, असे अशोक सांगतो आणि लगेच हिशेब देतो. दीड लाख माणसे तेथून हलविली गेली, एक लाख मारली गेली आणि त्याच्या कितीतरी पट माणसे मेली. म्हणजे येथे तीन रकाने आहेत. देशोधडीला लागलेले, शस्त्राने पडलेले आणि तिसरे, जे युद्धात मारले गेले नाहीत पण युद्धामुळे मेले. ते उपासमारीने, रोगराईने, वणवण करून गेले असावेत. पुढे अशोक श्रमण, ब्राह्मण आणि सदाचाराने राहणारे गृहस्थ यांच्या दुःखाचा वेगळा उल्लेख करतो. आजच्या भाषेत यांनाच आपण नागरिक म्हणतो.

हे आकडे ठोकळ आहेत. एक लाख म्हणजे काही नावनिशीवार यादी नव्हे. तिसऱ्या रकान्यात तर आकडाच नाही, 'कितीतरी पट' एवढेच आहे. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. प्रत्यक्ष कलिंगात, धौली आणि जौगड येथे, अशोकाचे इतर लेख आहेत, पण हा तेरावा लेख तेथे कोरलेला नाही. कारण काहीही असो, ज्यांची माणसे गेली त्यांच्यासमोर हा हिशेब मांडला गेला नाही. असे असूनही जिंकणाऱ्या राजाने स्वतःच्या हातून किती मेले ते दगडावर लिहून ठेवावे, ही जगाच्या इतिहासात दुर्मिळ गोष्ट आहे. आजच्या बलाढ्य राष्ट्रांकडे उपग्रह आहेत, संगणक आहेत, विमानाच्या पोटात कॅमेरे आहेत. तरीही हा हिशेब देण्याची त्यांची तयारी दिसत नाही. हे समजून घेण्यासाठी मी इराक या एकाच देशाचे उदाहरण मुख्यतः घेणार आहे, कारण तेथे १९९१ पासून पुन्हा पुन्हा बॉम्बफेक झाली आणि मोजण्याचे जवळजवळ सगळे मार्ग तेथे वापरले गेले.

इराकने १९९० साली कुवेत बळकावले. त्यानंतर १७ जानेवारी १९९१ रोजी अमेरिका व मित्रराष्ट्रांनी हवाई हल्ले सुरू केले. युद्ध २८ फेब्रुवारीला थांबले. या त्रेचाळीस दिवसांतील एक घटना पाहा. १३ फेब्रुवारीच्या पहाटे बगदादमधील अमिरिया येथील आश्रयस्थानावर दोन बॉम्ब पडले. ते लष्करी केंद्र आहे अशी हल्ला करणाऱ्यांची माहिती होती. आत झोपलेली होती ती आसपासच्या वस्तीतील माणसे, बहुतेक बायका आणि मुले. चारशेहून अधिक माणसे गेली. येथे संख्या बरीचशी निश्चित सांगता येते, कारण इमारत एक, वस्ती एक आणि आत कोण गेले होते हे सांगणारे नातेवाईक बाहेर होते. परंतु सगळे बॉम्ब असे एका ठिकाणी पडत नाहीत.

एरवी काय होते? घर कोसळते. माणसे ढिगाऱ्याखाली राहतात आणि ढिगारा उपसायला यंत्र नसते. मृताला शक्य तितक्या लवकर मूठमाती देण्याची तेथील रीत, त्यामुळे अंगणात किंवा बागेत दफन होते आणि कोणत्याही दवाखान्याच्या वहीत नोंद पडत नाही. मृत्यूनोंदणीचे कार्यालयच बंद पडलेले असते, कधी तेही पडझडीत गेलेले असते. जो पुरुष मेला तो सैनिक होता की शिक्षक, हे साध्या कपड्यांवरून ओळखता येत नाही. १९७७ साली जिनिव्हा करारांना जोडलेला पहिला पूरक करार सांगतो की, शंका असेल तर त्या माणसाला नागरिकच समजावे. व्यवहारात मात्र तरुण पुरुषाचे प्रेत दिसले की तो लढवय्या ठरतो. उलट बाजूही आहे. मेलेला लढवय्या आपला होता हे सांगायला त्याची संघटना कित्येकदा तयार नसते, आणि तो नागरिकांत मोजला जातो.

आणि अशोकाचा तिसरा रकाना? १९९१ साली इराकची वीजकेंद्रे बॉम्बफेकीत निकामी झाली. वीज गेली म्हणून पाणी उपसणारे आणि शुद्ध करणारे पंप थांबले, सांडपाणी नदीत गेले, दवाखान्यांतील शीतपेट्या बंद पडल्या. महिना-दोन महिन्यांनी जुलाबाने जे मूल गेले त्याच्या मृत्यूच्या दाखल्यावर बॉम्ब असा शब्द कोठेही येत नाही. त्याला कोणत्या खात्यावर टाकायचे?

हा प्रश्न सोडविण्याचा प्रयत्न बेथ ऑसबोर्न डापॉन्ट या बाईंनी केला. त्या अमेरिकेच्या जनगणना कार्यालयात लोकसंख्याशास्त्रज्ञ होत्या. इराकची लोकसंख्या नव्याने अंदाजण्याचे काम त्यांच्याकडे आले, तेव्हा युद्धात किती गेले हे ठरविणे भाग होते. १९९२ साली त्यांचा अंदाज बाहेर आला. एकूण १,५८,००० मृत्यू. त्यात सैनिक ४०,०००, बॉम्बहल्ल्यांत व लढाईत थेट मेलेले नागरिक १३,०००, युद्धानंतरच्या अंतर्गत बंडात ३५,००० आणि वीज-पाणी-औषधांच्या अभावी ७०,०००. हे आकडे वर्तमानपत्रांत येताच त्यांना नोकरीवरून काढण्याची नोटीस मिळाली. त्या लढल्या आणि नोटीस मागे घेतली गेली. पण खरी शिकण्यासारखी गोष्ट पुढे आहे. अधिक माहिती हाती आल्यावर १९९३ साली त्यांनी आपलाच अंदाज सुधारला. थेट मेलेल्या नागरिकांची संख्या १३,००० वरून ३,५०० वर उतरविली आणि रोगराईने मेलेल्यांची संख्या ७०,००० वरून १,११,००० पर्यंत चढविली. ज्यांना फक्त बॉम्बखाली सापडलेले मोजायचे होते त्यांना पहिला फरक सोयीचा वाटला असेल. पण दोन्ही रकाने शेजारी ठेवले म्हणजे दिसते की, त्या युद्धात नागरिकांचा मोठा संहार विमाने परत गेल्यानंतर झाला.

बँकेत कारकुनी करणाऱ्याला एक सवय असते. आकडा पुढे आला की तो आधी व्हाऊचर मागतो. इराकवर २००३ साली पुन्हा युद्ध लादले गेले, तेव्हा याच सवयीची काही मंडळी पुढे आली. त्याच्या एक वर्ष आधी, अफगाणिस्तानच्या संदर्भात, अमेरिकेच्या सरसेनापतींनी आम्ही प्रेते मोजत नाही अशा आशयाचे विधान केले होते. ब्रिटनमधील काही स्वयंसेवकांनी मग 'इराक बॉडी काउंट' नावाची नोंदवही सुरू केली. वर्तमानपत्रे, दवाखाने, शवागारे यांतून ज्या मृत्यूला पुरावा आहे तोच लिहायचा, असा त्यांचा नियम. मार्च २००३ ते जून २००६ या काळात या वहीत सुमारे ४७,७०० नागरिकांचे मृत्यू जमा होतात. ही रीत चोख आहे, पण तिचा दोषही उघड आहे. जेथे वार्ताहर पोहोचला नाही तेथला मृत्यू वहीत येत नाही.

दुसरी रीत आपल्याला फार जवळची आहे. किसा गोतमीची कथा येथील लहान मुलांनाही ठाऊक आहे. तथागतांनी तिला मूठभर मोहरी आणायला सांगितली, पण ज्या घरात कोणी मेलेले नाही अशा घरातून. ती श्रावस्तीत दारोदार फिरली आणि प्रत्येक उंबऱ्यावर एकच प्रश्न विचारीत गेली. आधुनिक पाहणी करणारे नेमके हेच करतात. निवडलेल्या घरांचे दार ठोठावतात आणि विचारतात, या घरात अमुक तारखेनंतर कोणी दगावले काय? 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २००६ साली छापलेल्या अशा पाहणीत १,८४९ घरे होती आणि १२,८०१ माणसांची माहिती होती. इराकची लोकसंख्या अडीच कोटींहून अधिक. म्हणजे पाहणीतील प्रत्येक माणूस सुमारे दोन हजारांच्या वतीने बोलतो. एखादे घर चुकीचे निवडले गेले तर चूकही दोन हजार पटींनी वाढते. त्या पाहणीचे उत्तर होते ६,५४,९६५ अधिक मृत्यू, आणि खुद्द संशोधकांनीच सांगितले की खरा आकडा ३,९२,९७९ ते ९,४२,६३६ यांमध्ये कोठेही असू शकतो. पुढे २००९ साली मतचाचणी करणाऱ्यांच्या अमेरिकेतील व्यावसायिक संघटनेने, पाहणीच्या पद्धतीची माहिती उघड केली नाही म्हणून, या पाहणीच्या प्रमुखांवर ठपका ठेवला. इराकी सरकार आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी ९,३४५ घरांची पाहणी केली. तिचे उत्तर २००८ साली आले. जवळजवळ त्याच काळासाठी हिंसाचारातील मृत्यू १,५१,०००.

विद्यार्थी मित्रहो, साधारण एकाच काळासाठी एकाच देशात ४७,७००, १,५१,००० आणि साडेसहा लाख! यात कोणीतरी खोटे बोलतो आहे असे आपल्याला पटकन वाटते. पण आधी रकाने पाहा. पहिल्यात पुरावा मिळालेले नागरिक, दुसऱ्यात हिंसाचारात मेलेले सगळे, तिसऱ्यात हिंसाचार आणि इतर कारणे मिळून नेहमीपेक्षा जास्त मेलेले. शिवाय तिन्हींत विमानातून पडलेला बॉम्ब, रस्त्यावरची गोळी आणि गाडीत ठेवलेला स्फोट हे सगळे आहे. त्यातून फक्त हवाई हल्ल्यांचे मृत्यू वेगळे काढणे हे आणखी एक अवघड काम. रकाने जुळविल्यावरही फरक उरतोच, आणि तो पद्धतीतील दोषांचा फरक आहे.

किसा गोतमीच्या रीतीतही एक उणीव राहते. श्रावस्तीत प्रत्येक दारी उत्तर द्यायला कोणीतरी जिवंत होते. बॉम्ब पडलेल्या गल्लीत घरच उरत नाही. आजी, मुलगा, सून, नातवंडे सगळी एका रात्री गेली तर दार कोणाचे ठोठावायचे? खातेदार आणि वारस दोघेही गेले की खात्याची चौकशी करायला काउंटरवर कोणी येत नाही, तसेच हे आहे. ज्या घराची सर्वाधिक हानी झाली तेच घर पाहणीतून सुटते.

मग ज्यांनी बॉम्ब टाकले त्यांना तरी कळते काय? मोसुल शहरात १७ मार्च २०१७ रोजी छपरावरील दोन बंदूकधाऱ्यांना टिपण्यासाठी अमेरिकेने एका इमारतीवर बॉम्ब टाकला. इमारत कोसळली. आत आसऱ्याला आलेली कुटुंबे होती. अमेरिकी लष्कराच्या चौकशीनुसार त्या इमारतीत १०१ आणि शेजारी ४ नागरिक मेले, आणि आणखी ३६ जणांचे काय झाले ते ठरविता आले नाही. शत्रूने इमारतीत स्फोटके ठेवली होती म्हणून ती पडली, असे लष्कर म्हणाले. रहिवाशांनी ते नाकारले. त्याच वर्षी 'न्यूयॉर्क टाइम्स'साठी आझमत खान आणि आनंद गोपाल या पत्रकारांनी उत्तर इराकमध्ये जवळजवळ दीडशे हल्ल्यांच्या जागी स्वतः जाऊन चौकशी केली. लष्कराच्या हिशेबाने १५७ हल्ल्यांत एखाद्या हल्ल्यात नागरिक मरत होता. या दोघांना पाच हल्ल्यांत एक असे प्रमाण आढळले, म्हणजे एकतीस पट. विमानातील कॅमेऱ्याला छप्पर दिसते, छपराखाली झोपलेली माणसे दिसत नाहीत. जी माणसे आधी दिसली नाहीत ती नंतर मेलेल्यांतही धरली जात नाहीत, आणि खाली जाऊन विचारण्याची व्यवस्था नसते.

आता एक सावधगिरीची गोष्ट. संख्या कमी दाखविण्याचा मोह असतो तसा वाढविण्याचाही असतो. फेब्रुवारी १९४५ मध्ये ब्रिटन-अमेरिकेच्या विमानांनी जर्मनीतील ड्रेस्डेन शहर जाळले. स्थानिक पोलिसांच्या अहवालात तोवर सापडलेल्या प्रेतांची संख्या २०,२०४ होती. त्याच्या बनावट प्रतीत एक शून्य वाढले आणि आकडा २,०२,०४० झाला. नाझी प्रचारयंत्रणेने दोन लाखांचा आकडा जगभर पसरविला आणि पुढे अनेक वर्षे तो पुस्तकांतून फिरत राहिला. अखेर शहराने इतिहासकारांची समिती नेमली. तिने दफनांच्या नोंदी, नोंदणी कार्यालयातील कागद आणि उत्खननातील पुरावा तपासला आणि २०१० साली निर्णय दिला की, जास्तीत जास्त २५,००० माणसे मेली. पंचवीस हजार म्हणजे काही थोडी नव्हेत. पण त्या खोट्या शून्याने नाझींच्या हाती एक हत्यार दिले आणि खऱ्या मृतांकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. म्हणून पीडितांविषयी कळवळा आहे म्हणून आकडा फुगवावा, हे आपल्याला मान्य होऊ नये.

अलीकडील उदाहरण गाझाचे. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने इस्रायलवर हल्ला केला. तेथे किती मेले याचा पहिला सरकारी आकडा १,४०० होता. महिन्याभराने तो सुमारे १,२०० असा दुरुस्त झाला, कारण काही जळालेली प्रेते हल्लेखोरांची निघाली. प्रयोगशाळा, नोंदणी, शासनयंत्रणा सगळे शाबूत असलेल्या देशात ही स्थिती! त्यानंतर गाझावर जे हल्ले झाले त्यांतील ३० जून २०२४ पर्यंतचे मृत्यू तेथील आरोग्य मंत्रालयाने ३७,८७७ मोजले होते. जानेवारी २०२५ मध्ये 'लॅन्सेट'ने छापलेल्या अभ्यासात तीन याद्या ताडून पाहिल्या. दवाखान्यांची, लोकांनी स्वतः भरलेली आणि निधनवार्तांची. युक्ती साधी आहे. तळ्यातील काही मासे पकडून खूण करून सोडा. पुन्हा जाळे टाका. खुणेचे मासे पुष्कळ आले तर तळ्यात मासे थोडे, खुणेचे क्वचित आले तर तळे भरलेले. याद्यांत सामाईक नावे थोडी निघाली तर कोणत्याच यादीत नसलेले पुष्कळ असणार. या हिशेबाने जखमांनी मेलेल्यांची संख्या ६४,२६० निघाली. त्यात लढवय्ये किती आणि नागरिक किती, हे या रीतीने सांगता येत नाही. उपासमार आणि आजार यांचा तिसरा रकानाही त्यात नाही.

कोणी म्हणेल, या परदेशांतील याद्यांशी आपला संबंध काय? संबंध आहे. १९३२ साली लोथियन समिती मताधिकाराचा विचार करीत होती, तेव्हा अस्पृश्यांची संख्या किती हाच वादाचा विषय झाला. कोटींनी मोजली जाणारी माणसे काही प्रांतांतून एकाएकी थोडकी दाखविली जाऊ लागली. बाबासाहेब त्या समितीचे सभासद होते. त्यांनी स्वतंत्र टिपणी जोडली. ज्याला मोजले जात नाही त्याला वाटाही मिळत नाही, हे त्यांनी ओळखले होते. जिवंतांच्या बाबतीत हे जितके खरे, तितकेच मेलेल्यांच्या बाबतीतही खरे आहे. ज्याचा मृत्यू कोणत्याच वहीत नाही त्याच्या मुलांना भरपाई मिळत नाही, त्याच्यासाठी चौकशी बसत नाही आणि पुढचा बॉम्ब टाकताना कोणाचा हातही अडखळत नाही.

म्हणून विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे. वर्तमानपत्रात असा आकडा दिसला की पाच प्रश्न विचारा. कोणी मोजले? कशावरून मोजले? कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत? कोणाला धरले आणि कोणाला वगळले? आणि न कळलेले किती, हे प्रामाणिकपणे सांगितले आहे काय? या पाच प्रश्नांची उत्तरे जो देतो त्याचा आकडा अपुरा असला तरी विश्वासाचा असतो. आकडा आपल्या आवडत्या बाजूचा आहे म्हणून तो स्वीकारू नका, नावडत्या बाजूचा आहे म्हणून फेकूही नका. कालाम सुत्तात तथागतांनी जी कसोटी सांगितली ती येथेही लागू आहे.

मोजणाऱ्याला निर्दय समजण्याची आपल्याकडे रीत आहे. पण शवागाराच्या दारात उभे राहून नाव, वय, गल्ली लिहून घेणारा जो कारकून आहे, तो करुणेचेच काम करतो. त्याच्या वहीतील प्रत्येक ओळीमागे एक उंबरठा आहे. ती वही पुरी होणार नाही. तरीही ती लिहिण्याची पहिली जबाबदारी मारणाऱ्यांची आहे, ही मागणी आपण सोडता कामा नये. बावीसशे वर्षांपूर्वी एका राजाने ती जबाबदारी, अपुरी का होईना, स्वीकारली होती. आजच्या राज्यकर्त्यांकडून आपण त्याहून कमी का मागावे?



नमो बुद्धाय! जय भीम!